न आलेल्या पाहुण्याचा शेरा

कोकणातल्या घरगुती निवास-न्याहारीच्या धंद्याला पूर्वी ओळखीतून गिऱ्हाईक मिळायचं. डोंबिवलीचं एक कुटुंब राहून गेलं की पुढच्या मे महिन्यात त्याच इमारतीतली आणखी दोन यायची. आता पाहुणा घरातून निघण्याआधीच फोनवरचा नकाशा उघडतो आणि ४.६ व ३.९ या दोन आकड्यांकडे बघून शनिवार-रविवारचा मुक्काम ठरवतो. हार्वर्डमध्ये असताना अभ्यासक मायकेल लूका यांनी अमेरिकेतल्या सिॲटलमधली उपाहारगृहं तपासली, तेव्हा येल्प या शेऱ्यांच्या संकेतस्थळावर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं त्यांना आढळलं. चार खोल्यांच्या घराला हा फरक फार मोठा असतो. कर्जाचा हप्ता वेळेवर जाणार की नाही, हे त्यावर ठरतं.

दापोली तालुक्यात अशा चार खोल्या चालवणाऱ्या एक बाई आणि पुण्यात ग्राहक चळवळीचं काम करणारे त्यांचे धाकटे दीर यांचं हे बोलणं आहे. दोघं एकमेकांना ज्या नावाने हाक मारतात, तीच नावं इथे ठेवली आहेत. दोघांचंही म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. जिथे राहवलं नाही, तिथे मी मध्ये बोलले आहे.

वहिनी : भाऊजी, दिवाळीचं बुकिंग सुरू व्हायच्या तोंडावर एका रात्रीत सात शेरे पडले. सगळे एक स्टारचे. तिघांनी तर एक अक्षर लिहिलेलं नाही. एक म्हणतो, स्विमिंग पूल घाण होता. आपल्याकडे विहीर आहे, पूल कुठला? दुसरा म्हणतो, जुलैमध्ये राहिलो, जेवण वाईट. जुलैत आपण भातलावणीत असतो, खोल्यांना कुलूप असतं.

भाऊजी : पाहुण्यांच्या रजिस्टरशी नावं ताडून पाहिलीत?

वहिनी : ओळ न् ओळ पाहिली. आलेल्या प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत असते माझ्याकडे. यातलं एकही नाव नाही. वर त्यातल्या दोघांनी त्याच दिवशी इंदूरच्या दातांच्या दवाखान्याला आणि सुरतेच्या टायरच्या दुकानाला पाच-पाच स्टार दिलेत. एका दिवसात हा माणूस इंदूरला दात काढतो, सुरतेला टायर बदलतो आणि माझ्याकडे येऊन जेवणाला नावं ठेवतो?

भाऊजी : मग हे पैसे देऊन लिहून घेतलेले शेरे आहेत, यात शंका नाही. स्क्रीनशॉट काढलेत का? तारीख दिसेल असे, आणि लिहिणाऱ्याच्या पानाची लिंकसुद्धा. असे शेरे कधीकधी आपोआप गायब होतात, मग पुराव्याला काही उरत नाही.

वहिनी : काढलेत. उद्या पोलिसांत जाणार आहे. वळणावर नवीन रिसॉर्ट झालंय ना, त्यांचंच हे काम.

भाऊजी : पुरावा आहे?

वहिनी : पुरावा कसा असणार? पण फायदा कोणाला होतो ते दिसत नाही का?

भाऊजी : तुमचा संशय अगदीच हवेतला आहे असं मी म्हणणार नाही. मेझलिन, डोव्हर आणि शेवेलिए या तीन अभ्यासकांनी २०१४ साली हॉटेलांचे शेरे असेच तपासले होते. ट्रिपॲडव्हायझरवर तेव्हा कोणीही लिहू शकत असे. एक्सपीडियावर मात्र तिथून खोली घेऊन निदान एक रात्र राहिलेल्यालाच लिहिता यायचं. तेच हॉटेल दोन्हीकडे ताडून पाहिलं तर ज्यांच्या शेजारी एकाच मालकाचं छोटं स्वतंत्र हॉटेल आहे, त्यांना ट्रिपॲडव्हायझरवर वाईट शेरे जास्त पडलेले दिसले. मोठ्या साखळीतल्या हॉटेलांना पकडले गेल्यावर गमावण्यासारखं फार असतं, म्हणून ती असं कमी करतात. पण हा हजारो हॉटेलांचा हिशेब झाला. त्यावरून तुमच्या वळणावरच्या माणसाचं नाव तक्रारीत घालता येत नाही. घातलंत आणि ते खोटं निघालं, तर अब्रुनुकसानीचा दावा तुमच्यावर येईल.

वहिनी : म्हणजे माझी अब्रू गेली तरी मी जपून बोलायचं. त्यांना मात्र नाव न सांगता काहीही लिहायची मुभा!

वहिनींचा हा राग मला समजतो. बनावट शेऱ्याचा खरा त्रास असा की भांडायला समोर माणूसच नसतो. एरवी पाहुणा रुसला तर त्याला पुन्हा गरम भाकरी वाढता येते, बिलातून पैसे कमी करता येतात, निदान ऐकून तरी घेता येतं. इथे काय करणार?

वहिनी : मला साधा नियम हवा. धंद्याच्या मालकाने हरकत घेतली की तो शेरा तिथल्या तिथे उतरला पाहिजे. लिहिणाऱ्याने बिल दाखवावं, मग परत चढवावा.

भाऊजी : याला माझा ठाम विरोध आहे, वहिनी. पंचवीस वर्षं मी गिऱ्हाइकांच्या बाजूला बसतो आहे. शिळं खाऊन पोट बिघडलेला माणूस, अनामत रक्कम परत न मिळालेली विद्यार्थिनी, जास्त बिल लावलेला रुग्ण, यांच्याकडे वकील नसतो. दोन ओळी लिहिणं एवढंच त्यांच्या हातात असतं. तुमचा नियम उद्या आला, तर सगळ्यात आधी वापरतील ते लबाड धंदेवाले. खऱ्या तक्रारीवर हरकत घ्यायची आणि सुट्टीचा हंगाम निघून जाईपर्यंत ती दाबून ठेवायची. हे मी कल्पनेने बोलत नाही. अमेरिकेत फॅशन नोव्हा नावाच्या कपड्यांच्या कंपनीवर चार स्टारपेक्षा कमी असलेले शेरे दडवून ठेवल्याचा ठपका आला आणि २०२२ साली तिला ४२ लाख डॉलर द्यावे लागले. वाईट शेरा दडवणं हीसुद्धा बनावटच.

वहिनी : मी खरी तक्रार दडवायला सांगतच नाहीये.

भाऊजी : तुम्ही नाही. पण नियम सगळ्यांना लागू होतो. पालघर आठवतंय ना? २०१२ साली फेसबुकवर एका मुलीने बंदबद्दल दोन वाक्यं लिहिली, दुसरीने ती लाइक केली आणि दोघींना अटक झाली. त्यातून निघालेल्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम रद्द केलं. श्रेया सिंघल खटला तो. त्याच निकालात असंही म्हटलं की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्याशिवाय, केवळ कोणी तक्रार केली म्हणून मजकूर काढायचं बंधन संकेतस्थळावर नाही. कोणाच्याही तक्रारीवर बोलणाऱ्याचं तोंड बंद होऊ नये, हा त्यामागचा विचार. तो मला पटतो.

वहिनी : तुम्हाला पटतो, कारण तुमच्या खोल्या रिकाम्या पडत नाहीत. मी कोर्टात जायचं म्हणजे काय करायचं? वकील दापोलीचा की मुंबईचा? दावा कोणावर? लिहिणाऱ्याचं नाव "ट्रॅव्हल लव्हर" आहे.

भाऊजी : अज्ञात माणसावर दावा लावता येतो. आपल्याकडे अशा आदेशाला "अशोक कुमार आदेश" म्हणतात. प्रतिवादीचं नाव माहीत नसलं तरी न्यायालय मजकूर काढायला आणि लिहिणाऱ्याची माहिती द्यायला सांगू शकतं.

वहिनी : आणि तो आदेश आजवर मिळवला कोणी? सिनेमावाल्यांनी, मोठ्या कंपन्यांनी. चार खोल्यांच्या बाईने मिळवलेला एक तरी सांगा.

भाऊजींकडे याचं उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. वहिनींचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला हाच वाटतो. कायद्यात हक्क आहे, पण तो वापरायला लागणारे पैसे आणि वेळ ज्याच्याकडे आहेत त्यालाच तो पोचतो. भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात बदनामीला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, पण आधी बदनामी करणारा सापडायला हवा. इटलीत २०१८ साली लेच्चेच्या न्यायालयाने ट्रिपॲडव्हायझरसाठी बनावट शेरे विकणाऱ्या एका माणसाला नऊ महिन्यांची कैद सुनावली. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आपल्याकडे असं कधी होणार?"

मग बोलणं लगेच काय करायचं याकडे वळलं. भाऊजींनी फोन हातात घेतला आणि सात शेऱ्यांपैकी एकेकावर बोट ठेवलं. नुसतं "हे खोटं आहे" म्हणून कळवू नका, म्हणाले. गूगलचं धोरणच असं आहे की मालक आणि गिऱ्हाईक यांच्यात खरं कोण बोलतंय, या वादात ते पडत नाहीत. जेवण वाईट होतं की चांगलं, हे ते ठरवणार नाहीत. पण खरा अनुभव नसताना लिहिणं, पैसे घेऊन लिहिणं, प्रतिस्पर्ध्याने लिहिणं हे त्यांच्याच नियमांत बसत नाही. म्हणून तक्रारीत तेच कारण निवडायचं आणि त्याला धरून पुरावा द्यायचा: पूल नाही, जुलैत बंद, त्याच दिवशी इंदूर आणि सुरत. पहिल्यांदा नकार आला तर अपील करता येतं. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या ऑनलाइन मंचाला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याच्याकडे लेखी जायचं, आणि तिथेही समाधान झालं नाही तर केंद्र सरकारची तक्रार अपील समिती आहे. तिच्याकडे ऑनलाइन अर्ज चालतो, वकील लागत नाही. ही समिती छोट्या धंदेवाल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

वहिनी : ते होईल तेव्हा होईल. तोवर शेरा तसाच लोंबकळत राहणार ना?

भाऊजी : तोवर त्याच्या खाली उत्तर लिहायचं.

वहिनी : लिहिलंय मी. दाखवू? "खोटारड्या, हिंमत असेल तर समोर ये."

भाऊजी : हे पुसा. ज्याने पैसे घेऊन लिहिलं तो तुमचं उत्तर कधीच वाचणार नाही. वाचणार आहे ती दिवाळीत यायचा विचार करणारी नाशिकची एखादी आजी. तिला तुमच्या रागातून काय कळणार?

दोघांनी मिळून मग हे लिहिलं : "नमस्कार. या नावाने आमच्याकडे कोणी राहिल्याची नोंद आम्हाला सापडली नाही. जुलैमध्ये आमच्या खोल्या बंद असतात. आमच्याकडे पोहण्याचा तलाव नाही. आपण खरंच आला असाल तर मुक्कामाची तारीख कळवा, आम्ही जातीने लक्ष घालू." शेवटचं वाक्य वहिनींना नको होतं. खोट्याला कशाला आमंत्रण, असं त्यांचं म्हणणं. भाऊजींनी ते ठेवायला लावलं, कारण सातांमध्ये एखादा दुसऱ्याच्या नावाने केलेल्या बुकिंगवर आलेला खरा पाहुणाही असू शकतो. पाहुण्याचा फोन नंबर, ओळखपत्र, कोणाबरोबर आला होता असलं काही उत्तरात कधीही लिहू नका, हेही त्यांनी बजावलं. भांडणाच्या भरात काही मालक तेवढंच करतात आणि मग चूक त्यांच्याच पदरात पडते.

वहिनी : आता खरं सांगते. परवा एकाचा फोन आला होता. म्हणाला, मॅडम, तुमचं रेटिंग पडलंय, पाच स्टारचे शंभर शेरे चढवून देतो, वेगवेगळ्या नावांनी, फोटोंसकट. मुलगा म्हणतो, घेऊन टाक. सगळे तेच करतात. आणि मला तरी त्यात पाप वाटत नाही. माझं जेवण चांगलं आहे, चादरी धुतलेल्या आहेत, पाहुणे रडून निरोप घेतात. खोट्याने पाडलेलं रेटिंग खोट्याने वर आणलं तर शेवटी खरंच वर येतं ना?

भाऊजी : नाही. ग्राहक संरक्षणाचे ई-वाणिज्य नियम २०२० साली आले. विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचं भासवून शेरा लिहायला त्यात मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवू. ते शंभर शेरे लिहितं कोण, माहीत आहे?

वहिनी : कॉम्प्युटर लिहीत असेल.

भाऊजी : काही कॉम्प्युटर लिहितो. काही अशी माणसं लिहितात ज्यांना रडताना मी पाहिलंय. व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, घरबसल्या काम, दिवसाला दोन-तीन हजार कमवा. मग टेलिग्रामच्या ग्रुपवर घेतात. नकाशावरच्या हॉटेलची लिंक येते, पाच स्टार द्यायचे, स्क्रीनशॉट पाठवायचा. शे-दीडशे रुपये खरोखर खात्यात येतात. दोन दिवस येतात, विश्वास बसतो. तिसऱ्या दिवशी म्हणतात, आता प्रीपेड टास्क, पाच हजार भरा, सात मिळतील. मग पन्नास हजार. मग आधीचे सोडवायचे असतील तर दोन लाख. पुण्यात आयटीतली शिकलेली मुलं, निवृत्त शिक्षक, बाळंतपणाच्या रजेवरच्या मुली यात अडकल्या. माझ्याकडे आलेल्या एकीने लग्नाचे दागिने मोडले होते. तिने पहिल्या दिवशी ज्या हॉटेलांना पाच स्टार दिले त्यांतल्या एकातही ती गेलेली नाही. त्या हॉटेलांनाही बहुधा याचा पत्ता नसेल.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पुन्हा फोन उघडला आणि मे महिन्यातले शेरे दाखवले. "नाइस प्लेस", "गुड फूड", "व्हेरी नाइस स्टे". पाच स्टार, अनोळखी नावं, रजिस्टरमध्ये नोंद नाही.

वहिनी : हे मी मागितले नव्हते. मुलानेही नाही, त्याला विचारलं मी. आले तेव्हा बरं वाटलं. वाटलं, बुकिंग करणाऱ्याच्या सोबतचे कोणी असतील.

भाऊजी : यांचीही तक्रार करा.

वहिनी : काय? माझे पाच स्टार मीच काढायला सांगू? आधीच सात एकेरी पडलेत. हे गेले तर मी कुठे येईन?

भाऊजी : सात खोटे काढा म्हणताना तुम्ही सांगणार, आमच्या रजिस्टरमध्ये नाव नाही. तेच रजिस्टर याही नावांना लागू आहे. उद्या कोणी विचारलं, एवढे अनोळखी पाच स्टार कसे, तर काय सांगाल? शेरे विकत घेतलेत असंच दिसेल.

या ठिकाणी माझं मन पूर्णपणे भाऊजींकडे आहे, वहिनींना ते कितीही जड गेलं तरी. आपल्याला पाडणारा खोटेपणा वाईट आणि उचलणारा चालेल, असं धरलं की नकाशावरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. तो किती पोकळ होऊ शकतो, हे २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर या तरुण पत्रकाराने दाखवलं. डलिच भागातली आपली शेड त्याने उपाहारगृह म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर नोंदवली, ओळखीच्यांकडून शेरे लिहून घेतले, आणि जिथे कधी कोणी जेवलंच नव्हतं ती शेड लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं उपाहारगृह ठरली. तेव्हा खाली ढकलले गेले ते रोज पहाटे उठून मासळी आणणारे खरे लोक.

वहिनींनी त्या दिवशी मे महिन्यातल्या शेऱ्यांची तक्रार केली नाही. विचार करते म्हणाल्या. फोनवाल्याला मात्र त्यांनी भाऊजींसमोरच नकार कळवला.

वहिनी : तुमचं सगळं ऐकलं. आता माझं एक ऐका. रजिस्टर मी ताडायचं, स्क्रीनशॉट मी काढायचे, अपील मी करायचं, उत्तर मी गोड लिहायचं. ज्यांच्या पानावर हे सगळं चाललंय त्यांनी काय करायचं? माझा पाहुणा कुठे होता ते त्या फोनला माहीत असतं. दापोलीत पाऊल न टाकलेल्या माणसाला ते माझ्याबद्दल लिहू का देतात?

भाऊजी : अगदीच काही करत नाहीत असं नाही. २०२४ मध्ये धोरणात न बसणारे २४ कोटींहून जास्त शेरे अडवले किंवा काढले, असं गूगलनेच जाहीर केलं.

वहिनी : म्हणजे चोरी केवढी आहे ते त्यांना माहीत आहे.

भाऊजी : हो. आणि इथे मी तुमच्या बाजूला आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन शेऱ्यांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. शेरा लिहिणारा खरा आहे का ते ईमेल, फोन, ठिकाण अशा खुणांवरून पडताळा, विकत घेतलेले शेरे प्रसिद्ध करू नका, असं त्यात आहे. चांगलं मानक आहे. पण ते ऐच्छिक म्हणून आलं.

वहिनी : ऐच्छिक! मला पाण्याची तपासणी ऐच्छिक आहे का? अन्न परवाना ऐच्छिक आहे का?

भाऊजी : नाही. म्हणून तर म्हणतो, तुमचं बरोबर आहे. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून बनावट शेऱ्यांवर थेट बंदी आणली आणि ते रोखायची वाजवी पावलं उचलणं ही मंचाचीही जबाबदारी केली. न पाळणाऱ्याला जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड. त्याआधी, त्याच वर्षी जानेवारीत, बनावट शेऱ्यांनी रेटिंग फुगवणाऱ्या ब्रिटनमधल्या धंद्यांच्या पानावर इशारा लावायचं गूगलने तिथल्या नियामकापुढे कबूल केलं होतं. तिथे जमतं ते इथेही जमेल.

वहिनी : आणि लिहिणाऱ्याने नाव लावलंच पाहिजे. खरं, आधारवरचं.

भाऊजी : मंचाला कळू दे. जगाला कशाला? तालुक्यात एकच दवाखाना असेल तर त्याविरुद्ध नाव लावून कोण लिहील?

वहिनी : आमच्या गावात तोंडावर सांगतात.

भाऊजी : तुम्हाला सांगतात. डॉक्टरांना सांगतात का?

यावर त्यांचं एकमत झालं नाही आणि होईल असं मला वाटत नाही. वहिनींना आपलं घर दिसतं, भाऊजींना त्यांच्या टेबलापलीकडे बसलेली माणसं. मला स्वतःला भाऊजींचा तोडगा पटतो: नाव जगापासून लपलेलं चालेल, मंचापासून नाही. पण पुराव्याचं ओझं कोणी उचलायचं, या प्रश्नात मी वहिनींच्या मागे उभी आहे. एक्सपीडिया आणि ट्रिपॲडव्हायझरच्या तुलनेतून दिसतं की "तू इथे राहिला होतास का" एवढं विचारलं तरी खोट्याला जागा कमी उरते. ते विचारण्याची साधनं मंचाकडे आहेत, दापोलीच्या बाईंकडे नाहीत. आयएस १९००० सक्तीचं व्हायला हवं आणि मोडणाऱ्याला भरावा लागणारा दंड त्या कंपनीच्या उलाढालीच्या मापाचा हवा. ग्राहक संघटनांनी आणि हॉटेल-होमस्टे चालकांच्या संघटनांनी ही मागणी एकत्र करायला हवी, कारण ती दोघांच्याही हिताची आहे.

वाचकांना एवढी विनंती: राहून आलात, जेवून आलात, की खरं लिहा. महिना लिहा, काय खाल्लंत ते लिहा, काय खटकलं तेही लिहा. खोट्या शेऱ्यांच्या गर्दीत नेमक्या तपशिलाचा एक खरा शेरा धंदा तारतो. स्टार देण्याचे पैसे मिळतील असा मेसेज आला तर उत्तर देऊ नका, आणि घरातल्या कोणाचे पैसे त्यात गेले असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करा. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी ते पैसे मध्येच गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.